पत्र्याखालचं ग्लासवूल आणि छतातले दिवे: आधी ग्लासवूलची जागा बदला

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरकडच्या जुन्या घरावरची कौलं माकडं फोडायची म्हणून पत्रा घातला, खाली जिप्समचं फॉल्स सिलिंग केलं, त्यात गोल एलईडी बसवले आणि देवघरापुढे दोन जुने हॅलोजन तसेच ठेवले. आता पावसाचा आवाज आणि एप्रिलची धग कमी व्हावी म्हणून सिलिंगवर ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) पसरायचं आहे. वायरमन म्हणतो, "एलईडी तापत नाही, घाला बिनधास्त." आणि दिव्यांवर कुंड्या उलट्या ठेवल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

वायरमनचं म्हणणं पटण्यासारखं नाही. एलईडीचा उजेड थंड असतो, पण दिवा तापतो. १२ वॅटच्या दिव्यात निम्म्याहून जास्त वीज उष्णताच होते आणि ती मागच्या ॲल्युमिनियमच्या बैठकीतून वरच्या हवेत जायला हवी. तिच्यावर ग्लासवूल पडलं की ती तिथंच कोंडते. लगेच आग लागेल असं नव्हे, पण ड्रायव्हरमधले, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणाऱ्या छोट्या डबीतले, कपॅसिटर नावाचे भाग आधी मरतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा हिशेब धरतात. वरून पत्रा तापतोय, खालून दिवा. वर्षभरात दिवे लुकलुकायला लागले तर दोष कंपनीचा नसतो.

हॅलोजनचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. ५० वॅटच्या त्या छोट्या दिव्यांत मागचा आरसा मुद्दाम असा केलेला असतो की उजेड खाली यावा आणि उष्णता मागं जावी. म्हणजे खाली बसणाऱ्याला सुखद, आणि वर माळ्यावर जे असेल ते भाजणार. हे दोन दिवे, त्यांच्या ट्रान्सफॉर्मरसकट, ग्लासवूल घरात येण्याआधी काढा. यात तडजोड नको.

आता मला खरं सांगायचंय ते हे: ग्लासवूल सिलिंगवर पसरूच नका, पत्र्याच्या पोटाला लावा. पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांच्या, खालून तारेची जाळी ताणायची आणि जाळी व पत्रा यांच्यामध्ये ग्लासवूलच्या गाद्या बसवायच्या. कारखान्यांच्या, गोदामांच्या शेडना असंच करतात, त्यामुळे हे काम जाणणारी माणसं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडे चौकशी केलीत तर मिळतील. धग पत्र्यापाशीच अडते, थेंबांचा मारा पत्र्यावरच बराचसा दबतो आणि सिलिंगवरची पोकळी मोकळी राहिल्यामुळे दिव्यांना हवा मिळते. मजुरी थोडी जास्त पडेल. पण मग प्रत्येक दिव्याला टोपी घालत बसण्याचा प्रश्नच उरत नाही.

उंची कमी म्हणून किंवा पत्रा आधीच बसल्यामुळे ते जमत नसेल, तर दुसरा मार्ग. दिव्याच्या खोक्यात कागद असतो तो वाचा. घराच्या छपरासारखी गादी आणि खाली दिवा, त्यावर फुली, असं चिन्ह असेल तर तो दिवा झाकायचाच नाही. आपल्याकडं दिव्यांचं मानक आयएस १०३२२ आहे, पण दुकानात सुटे मिळणारे बरेच स्वस्त दिवे कसलीही खूण न घेता येतात. अशांना 'झाकायचे नाहीत' असंच धरा. अमेरिकेच्या नियमात न झाकण्याच्या दिव्यापासून इन्सुलेशन ३ इंच, म्हणजे ७५ मिलिमीटर लांब ठेवायला सांगितलंय. तेवढी जागा सोडून सिमेंट बोर्ड किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्डाचा चौकोनी कठडा करा, सिलिंगच्या चॅनेलला स्क्रूनं बांधा, आणि वरचं तोंड उघडं ठेवा. झाकण घालून त्यावर पुन्हा ग्लासवूल रचलं, तर बंद खोक्यात दिवा कोंडला, एवढाच फरक. पुठ्ठा, प्लायवूड, प्लास्टिकची बादली यांतलं काहीही वापरू नका.

कुंडीची कल्पना वाईट नाही. भाजलेली माती जळत नाही, बुडाला भोक असतं, आणि खानापुरात कुंभारकामाला तोटा नाही. पण जिप्सम बोर्डावर नुसतं वजन ठेवायचं, तेही बोर्डाला जिथं भोक पाडलंय तिथंच, हे मला मान्य नाही. एखादा तुकडा डोक्यावर आला तर? शिवाय लहान कुंडीत ७५ मिलिमीटरचं अंतर मिळत नाही.

थर्माकोल स्वस्त म्हणून कुणी सुचवेल. तो घेऊ नका. एक तर तो पेटतो आणि जळते थेंब खाली गाळतो. दुसरं म्हणजे पीव्हीसी वायर थर्माकोलला चिकटून राहिली की वायरमधला मऊपणा देणारा घटक थर्माकोलमध्ये उतरतो, आणि कालांतरानं वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. त्यात माळ्यावर उंदीर असतातच.

चंदेरी फॉइलच्या शीटबद्दलही सांगतो, कारण हे फार कमी जण बोलतात. ॲल्युमिनियममधून वीज वाहते. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये सरकारनं घराघरांत इन्सुलेशन बसवायची मोठी योजना काढली. तिच्यात चार तरुण कामगार गेले, त्यातले तिघे विजेच्या धक्क्यानं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली. फॉइल बसवताना मारलेली धातूची पिन वायरमध्ये घुसली, असंही तिथं घडलं होतं. म्हणून माळ्यावर चढण्याआधी मेन स्विच बंद, आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी ती बसवून घ्या.

वायरींचं: जोड नुसत्या टेपवर ठेवू नका, जंक्शन बॉक्समध्ये घ्या. ग्लासवूल सिलिंगवरच पसरलंत तर वायरी त्याच्या वर राहू द्या. चहूबाजूंनी गादीत गाडलेल्या वायरची क्षमता जवळपास निम्म्यावर येते, आणि साध्या पीव्हीसी वायरीच्या तांब्याची मर्यादा ७० अंश आहे. दिव्यांच्या वायरीवर भार कमीच असतो, पण गीझरची वायर त्याच माळ्यावरून गेली असेल तर ती नक्की वर उचला.

काम झालं की सगळे दिवे दोन-तीन तास लावून ठेवा, मग मेन बंद करून ड्रायव्हरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर तिथली जागा वाढवा. आणि जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो ते तुम्ही जाणता. पत्र्याला आतून घाम येतो, भिजलेलं ग्लासवूल काही कामाचं राहत नाही, तेव्हा छपराच्या दोन्ही टोकांची हवा बंद करू नका.

पर्लिनपासून सिलिंगपर्यंतची उंची आणि दिव्याच्या खोक्यावरचा मॉडेल नंबर कळवा. ग्लासवूलचा भाव विचारायला जायच्या आधी कळवलंत तर बरं, म्हणजे जाळी किती आणि गादी किती जाडीची हे इथंच ठरवू.