फ्रीलान्स प्लॅटफॉर्मचं कमिशन देणं परवडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोगोची कामं करताय, प्रत्येक कामामागे वीस टक्के कापले जातात, आणि दोन कामं दिलेला एक क्लायंट आता म्हणतोय की पुढचं बाहेरून करू, दोघांचेही पैसे वाचतील. मग हे कमिशन भरायचं तरी कशाला?

मी व्हिडिओ एडिटिंग करतो. माझ्या मते अनोळखी माणसाच्या पहिल्या कामाला हे कमिशन स्वस्त पडतं आणि त्याच माणसाच्या पंधराव्या कामाला महाग. अडचण एवढीच की प्लॅटफॉर्म दोन्ही वेळेला कापून घेतो.

वीस टक्के म्हणताय म्हणजे तुम्ही बहुधा फायव्हरवर आहात. ५० डॉलरच्या ऑर्डरचे हातात ४० येतात, आणि खूश होऊन कोणी टिप दिली तर तिच्यातही त्यांचा वाटा असतो. (हे मला अजूनही झोंबतं.) अपवर्क या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर २०१६ पासून उतरती भाजणी होती: एका क्लायंटकडून मिळणाऱ्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०,००० पर्यंत १० आणि त्यानंतर ५. जुना क्लायंट टिकवला की फायदा व्हायचा. २०२३ मध्ये ते सरसकट १० टक्के झालं आणि मे २०२५ पासून नव्या करारांना ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कितीही लागू शकतं. म्हणजे जुनं गिऱ्हाईक सांभाळण्याचं बक्षीस संपलं.

आता या पैशात मिळतं काय? काम सुरू होण्याआधी क्लायंटचे पैसे मधल्या खात्यात अडकून राहतात, हे मुख्य. बाकी सगळं दुय्यम. ही किंमत मला उशिरा कळली. एकदा कमिशन वाचवायला थेट मेलवर आलेलं काम घेतलं. बारा मिनिटांचा व्हिडिओ. पहिला कट आवडला, मग ‘म्युझिक बदलू या’, मग ‘सुरुवात जरा आटोपशीर’, मग ‘फायनल फाइल पाठवा, अकाउंट्सला सांगतो’. फाइल पाठवली आणि अकाउंट्स आजतागायत सापडलेलं नाही. मी तरी कुठे तक्रार करणार होतो?

पण प्लॅटफॉर्मवर असलात म्हणून आपोआप वाचत नाही. फिक्स (ठरलेल्या रकमेच्या) कामात माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या त्या टप्प्याचे, पैसे जमा झालेले दिसल्याशिवाय मी हल्ली फाइल उघडतसुद्धा नाही. आधी एकदा ‘आज संध्याकाळी भरतो’ या शब्दावर रात्रभर बसलो होतो. त्या प्लॅटफॉर्मने सरळ हात वर केले. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, जमा नसलेले पैसे ते कुठून देणार. अपवर्कवर तासावारी कामाचं संरक्षणही त्यांचं अ‍ॅप चालू ठेवून नोंदलेल्या वेळेलाच आहे, हाताने भरलेल्या तासांना नाही.

कमिशनच्या टक्क्याकडे सगळे बघतात, बिडिंगच्या, म्हणजे काम मिळवायला प्रपोजल पाठवण्याच्या, खर्चाकडे कोणी बघत नाही. अपवर्कवर प्रपोजल पाठवायला ‘कनेक्ट्स’ नावाची टोकन्स खर्च होतात, एक कनेक्ट ०.१५ डॉलरला पडतं. समजा एका प्रपोजलला १२ कनेक्ट्स लागले आणि विसाव्या प्रपोजलला २०० डॉलरचं काम मिळालं. २४० कनेक्ट्स, म्हणजे ३६ डॉलर. कमिशन दहा टक्के धरलं तर २० डॉलर. कमिशनपेक्षा काम शोधणंच महाग पडलं! फायव्हरवर प्रपोजलचा हा खर्च नाही, म्हणून फायव्हरचे वीस आणि अपवर्कचे समजा दहा अशी नुसती तुलना करू नका.

दर ठरवताना एक चूक बरेच जण करतात. हातात १०० हवेत म्हणून १२० लावतात. वीस टक्के १२० मधून कापले की ९६ उरतात. १२५ लावा.

बाहेरून पैसे घेण्याबद्दल: फायव्हरच्या नियमांत ते बसत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. तुमचे रिव्ह्यू त्याच खात्यावर आहेत, ते दुसरीकडे उचलून नेता येत नाहीत. अपवर्कवर तिथे भेटलेल्या क्लायंटशी दोन वर्षं तिथूनच व्यवहार करण्याची अट आहे, पण ठरावीक रक्कम भरून नियमात राहून मोकळंही होता येतं. काम मोठं आणि सतत येणारं असेल तर त्या रकमेचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. दोन लोगोंसाठी मुळीच नाही.

त्या क्लायंटला मी असा निरोप पाठवला असता: ‘तीन लोगो एकत्र देत असाल तर एकाच ऑर्डरमध्ये दर थोडा कमी करतो, व्यवहार मात्र इथेच.’ पैसे वाचवणं हाच त्याचा हेतू असेल तर तो हो म्हणेल. तरीही बाहेरूनच करू म्हणून मागे लागला, तर मी त्याचं पुढचं काम घेणार नाही.