डायलिसिस थांबवलं तर पाप लागेल का?

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ताई आल्या आणि खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, पप्पा म्हणतात डायलिसिस आता बास. मी ऐकलं तर ती त्यांची आत्महत्या होते की माझ्या हातनं खून?"

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र नेहमीचा. कधी व्हेंटिलेटरबद्दल येतो, कधी केमोबद्दल.)

ताई शिक्षिका, पन्नाशीच्या. घर कॅथलिक, मूळचं आजऱ्याकडचं. वडील ७९ वर्षांचे. चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. अलीकडे मशीनवर असतानाच बीपी कोसळायचा, पायात गोळे यायचे. दुसरा अख्खा दिवस अंथरुणात जायचा आणि जरा उठून बसले की पुन्हा रिक्षा दारात. दुबईतला भाऊ आधी म्हणाला, "काही झालं तरी बंद करू नको, पैसे मी पाठवतो." मग एका रात्री फोनवर वडिलांचं कण्हणं ऐकून त्यानंच विचारलं, "डॉक्टर एखादं इंजेक्शन देऊन सोडवत नाहीत का गं?" शेजारच्या जैन काकू मायेनं म्हणाल्या, "आमच्यात सल्लेखना घेतात, अन्नपाणी सोडत सोडत देह ठेवतात, तसंच समज." आणि ताईंच्या कानात लहानपणापासूनचं एकच वाक्य: जीव देवाचा, आपला नव्हे.

पाप आहे की नाही हे सांगणं माझं काम नाही. मी कॅथलिकही नाही. खरं सांगायचं तर माझी समजूत होती, चर्च म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत सगळ्या नळ्या चालू. म्हणून त्या बाजूला मी हात घातला नाही. आधी ताईंच्या वडिलांना, म्हणजे काकांना, एकट्यांना भेटले.

"बास" या शब्दामागे काय काय दडलेलं असतं! नैराश्य असतं, लेकीवर ओझं झाल्याची लाज असते, कधी नुसती एका वाईट आठवड्याची चीड असते. मी विचारलं, "काका, लेकीला रजा काढावी लागली नसती, पैशाची काळजी नसती, तर चालू ठेवलं असतं?" ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी ठेवलं असतं. ठेवलंच की. बाई, मला मरायचं नाही. मला शुक्रवारी तिथं जायचं नाही."

झोप, भूक, गप्पांतला रस, सगळं तपासलं. त्यांना नातवाच्या मॅचचा स्कोअर पाठ होता. तरी माझ्या आग्रहावरून मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवलं. नैराश्याचं काही निघालं नाही.

मग ताईंनी फादरना विचारायचं ठरवलं आणि मलाही सोबत नेलं. त्या तासाभरात मीच जास्त शिकले. १९५७ साली, व्हेंटिलेटर नवा होता तेव्हा, इन्सब्रुकच्या एका भूलतज्ज्ञानं नेमकं हेच पोपना विचारलं होतं: यंत्र लावलंच पाहिजे का, काढता येतं का? तेव्हाचे पोप बारावे पायस यांनी सांगितलं की जीव जपायला साधारण उपाय करणं बंधनकारक आहे, स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझं टाकणारे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. पुढं चर्चच्या १९८० च्या घोषणापत्रात आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हेच आलं. कष्टदायक किंवा मिळणाऱ्या गुणाच्या मानानं अवाजवी झालेले उपचार थांबवता येतात. त्यात मरण आणायचा हेतू नसतो, ते अडवता येत नाही एवढं मान्य केलेलं असतं. आणि रोगी शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचा.

"म्हणजे डायलिसिस असाधारण?" ताईंनी विचारलं.

फादर म्हणाले, "मशीनवर तसा शिक्का नसतो. तीस वर्षांच्या आईला हेच डायलिसिस साधारण आहे. पप्पांना आज त्यातून काय मिळतं आणि काय जातं, ते बघा."

भावाच्या इंजेक्शनला मात्र साफ नकार. दुःख संपवण्यासाठी जीव घेणं चर्चच्या लेखी खूनच. वेदनाशामक औषधं द्यावीत, त्यानं आयुष्य थोडं कमी होईल अशी शक्यता असली तरी, कारण हेतू वेदना कमी करण्याचा असतो. अन्नपाणीही शरीराला पेलेल तोवर द्यायचं. काकूंची तुलना इथंच सुटते: सल्लेखनेत आहार टप्प्याटप्प्यानं सोडतात, त्यामागचा विचार वेगळा आहे, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ताई त्या दिवशी घरी जाताना म्हणाल्या, "काकूंना हे सांगायला नको, त्यांनी मायेनं सांगितलं होतं."

कायद्याचं थोडक्यात: सज्ञान, शुद्धीवरचा माणूस उपचार नाकारू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालानं सन्मानानं मरण्याचा हक्क आणि आगाऊ इच्छापत्र (पुढं शुद्ध नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. मरणाचं इंजेक्शन आपल्याकडं गुन्हाच आहे.

एक गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. उपचार थोडे बदलून बघता येतात का, हे डॉक्टरांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर त्यांनी दोन आठवडे वेळ आणि औषधं बदलून पाहिली. बीपी तसाच कोसळत राहिला. मग डॉक्टरांनी काकांना समोर बसवून पुढं काय होईल ते सांगितलं: बहुधा आठवडा-दहा दिवस, गुंगी वाढेल, धाप लागली तर औषध आहे. डायलिसिस थांबवण्याच्या कागदावर सही काकांनी स्वतः केली. ताईंची सही साक्षीदाराच्या जागी. त्या जागेकडं बोट दाखवत त्या मला म्हणाल्या, "एवढंच?" आणि रडल्या.

फादर घरी येऊन रुग्णाभ्यंग संस्कार, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना, करून गेले. भाऊ आला. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन.

"मॅडम, पप्पा शहाळं मागतायत. चार वर्षं पोटॅशियममुळं बंद होतं. देऊ का?"

"मला काय विचारताय, डॉक्टरांना विचारा."

डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं द्या. भाऊ रंकाळ्यावरनं दोन शहाळी घेऊन आला. काकांनी चार घोट घेतले आणि उरलेलं नातवाच्या हातात दिलं.