स्वेच्छेने ले-ऑफ घेताय? सहीआधी हे वाचा

कॅलिफोर्नियात स्वेच्छेने ले-ऑफ घेतला म्हणून बेकारी भत्ता आपोआप बुडत नाही, घाबरू नका. पण अर्जात नुसतं 'नोकरी सोडली' असं लिहून मोकळे होऊ नका. कंपनी माणसं कमी करत होती, हे सांगणारं पत्र सही करण्याआधीच मागून घ्या. मी मागितलं नव्हतं. नंतर भत्त्यासाठीच्या फोनवरच्या मुलाखतीत तेच समजावताना घशाला कोरड पडली.

ईडीडीकडे, म्हणजे बेकारी भत्ता देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याकडे, अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. पहिला आठवडा बिनपैशाचा जातो. पुढे आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, साधारण २६ आठवड्यांपर्यंत. दर दोन आठवड्यांनी माहिती भरायची. नकार आला तर ३० दिवसांत अपील कराच.

एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर मात्र आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. तिथे नोकरी सुटल्यावर पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते, आणि ती भराभर सरते.