बोर्दोच्या वाइन टेस्टिंग सहलीसाठी मित्रांच्या गटाने पूर्वतयारी कशी करावी?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, पुणे आणि नाशिक येथील सात मित्रमैत्रिणी पुढील सप्टेंबरमध्ये आठवडाभरासाठी फ्रान्समधील बोर्दो येथे वाइन टेस्टिंगला जाऊ इच्छितात, त्यांपैकी दोघे शाकाहारी आहेत, एक जण मद्य घेतच नाही, आणि वाइनचा जाणकार म्हणावा असा गटात कोणीही नाही. तेव्हा तयारी कोठून सुरू करावी. माझ्या मित्रांच्या गटासोबत मी त्या भागात हिंडलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, अशा सहलीच्या तयारीत काय काय पाहायचे याची यादी वाढवण्यापेक्षा काय सोडून द्यायचे हे घरीच, सर्वांच्या संमतीने ठरवणे अधिक महत्त्वाचे असते. दिवसाला दोन शातो (म्हणजे स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांची वाइन बनवणाऱ्या वास्तू), त्याहून अधिक नाहीत, एवढे एक सूत्र गटाने आधी मान्य केले, तर राहण्यापासून वाहनापर्यंतचे बहुतेक प्रश्न त्यातूनच सुटत जातात.

या मर्यादेमागे साधा हिशेब आहे. एका भेटीत साधारणपणे तीन-चार वाइन चाखायला देतात आणि प्रत्येक पेल्यात चाळीस-पन्नास मिलिलिटर वाइन असते. दोन भेटींत मिळून आठ पेले झाले, म्हणजे सगळे गिळल्यास जवळजवळ अर्धी बाटली वाइन पोटात गेली, आणि तीही बहुधा दुपारी चारच्या आत. तिसऱ्या ठिकाणी जीभ तुरटपणाने इतकी बधिर झालेली असते की, समोर उत्तम वाइन असो की सुमार, फरक कळत नाही. शिवाय प्रत्येक भेटीत द्राक्षमळा, आंबवण्याच्या टाक्या, पिंपांचे तळघर आणि शेवटी टेस्टिंग असा दीड तासाचा क्रम असतो. चार शातोंत चार वेळा टाक्या पाहिल्या की गटातील निम्मे लोक फोनमध्ये डोके घालून बसतात. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण अशा दिवसांसाठीच असावी.

दिवसाला दोनच ठिकाणे म्हटल्यावर निवड डोळसपणे करावी लागते, आणि त्यासाठी बोर्दोचा भूगोल थोडा समजून घ्यावा. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या उत्तरेस एकत्र येतात आणि जिरोंद नावाच्या रुंद खाडीतून अटलांटिकला मिळतात. गारोन आणि जिरोंद यांच्या डाव्या तीरावर मेदोकचा पट्टा आहे. तेथील जमीन गोट्यांची आणि वाळूची असल्यामुळे पाण्याचा निचरा लवकर होतो, दिवसा तापलेले गोटे उशिरा निवतात, आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला ते मानवते. दोर्दोन्यच्या उजव्या तीरावर सेंट एमिलियों आणि पोमेरोल आहेत. तेथे चिकणमाती आणि चुनखडी जास्त, जमीन थंड आणि ओलावा धरणारी, म्हणून तेथे लवकर पिकणाऱ्या मर्लोचे राज्य आहे. डाव्या तीरावरची वाइन तरुणपणी ताठर आणि तुरट लागते, उजव्या तीरावरची बहुधा मऊ आणि भरीव. हा एकच फरक आपल्या जिभेने ओळखता येऊ लागला, तरी सहलीचे पैसे वसूल झाले असे मी समजेन. तेव्हा एक पूर्ण दिवस मेदोकला, एक सेंट एमिलियोंला, अर्धा दिवस दक्षिणेकडील, गोड वाइनच्या सोतेर्नला आणि उरलेला वेळ बोर्दो शहराला द्यावा. शहरात 2016 मध्ये सुरू झालेले ‘सिते द्यु व्हँ’ हे वाइनचे भव्य संग्रहालय पहिल्याच दिवशी पाहावे, कारण तेथे वासांचे जे प्रयोग मांडलेले आहेत, त्यांचा पुढील दिवसांत प्रत्यक्ष उपयोग होतो. त्याच्या तिकिटात वरच्या मजल्यावर नदीकडे पाहत घ्यावयाचा एक पेलाही धरलेला असतो.

शातोंच्या निवडीत गटाची गाडी बहुधा नावांपाशी अडते. नेपोलियन तिसरा याच्या काळात, 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी, बोर्दोच्या दलालांनी तेव्हाच्या बाजारभावांच्या आधारे मुख्यतः मेदोकच्या लाल वाइनची पाच श्रेणींत वर्गवारी केली, आणि ती आजही जवळजवळ तशीच चालू आहे. पहिल्या श्रेणीत मोठा बदल झाला तो एकदाच, 1973 मध्ये, मुतों रोतशिल्डला बढती मिळाली तेव्हा. लाफीत, लातूर (आपल्या लातूरशी संबंध नाही, तरी गटात विनोद होणारच), मार्गो आणि ओ-ब्रियों ही बाकीची चार नावे. या ठिकाणी सर्वसामान्य पर्यटकाला सहज प्रवेश मिळत नाही, आणि मिळालाच तर खर्च बराच येतो. उलट वर्गवारीत खाली असलेल्या किंवा वर्गवारीत नसलेल्या, कुटुंबाने चालवलेल्या छोट्या शातोत मालक किंवा मालकीण स्वतः हिंडून दाखवतात, शंकांना वेळ देतात आणि शुल्कही माफक असते. उजवा तीर तर 1855 च्या यादीत नव्हताच, आणि पोमेरोलमध्ये आजही अधिकृत वर्गवारी नाही, तरी जगातील सर्वांत महाग वाइनपैकी एक, पेत्रुस, तेथेच होते. त्यामुळे यादीतील श्रेणी म्हणजे गुणवत्तेचा अंतिम दाखला नव्हे. एक नामांकित आणि बाकीची छोटी, असे प्रमाण ठेवावे. पाचामुखी परमेश्वर हे खरे असले, तरी निवडीचे काम दोघांवर सोपवावे आणि इतरांनी नंतर कुरकुर करू नये, हे चहाच्या टेबलावरच ठरवून टाकावे. बुकिंगशिवाय शातोच्या दारात जाऊन उभे राहण्याची पद्धत तेथे नाही. ईमेलने दोन-तीन महिने आधी तारीख, माणसांची संख्या आणि इंग्रजीतून माहिती हवी असल्याचे कळवावे. रविवारी अनेक ठिकाणे बंद असतात.

आता सप्टेंबरविषयी. बोर्दोची द्राक्षतोडणी साधारणपणे याच महिन्यात सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. चित्र म्हणून हा काळ मोहक आहे. परंतु छोट्या शातोत तेव्हा सगळी माणसे मळ्यात आणि टाक्यांपाशी असतात, आणि पाहुण्यांना वेळ देणे त्यांना जड जाते, काही जण भेटी बंदच ठेवतात. शिवाय याच महिन्यात मेदोकची मॅरेथॉन असते, जिच्यात धावपटू चित्रविचित्र वेष करून वाटेवर वाइन घेत धावतात, आणि त्या शनिवार-रविवारी मेदोकमधील पोइयाक गावाच्या परिसरात राहायला जागा मिळणे कठीण होते. आपल्या सुट्ट्या बदलता येत असतील, तर मी मेचा उत्तरार्ध किंवा जून सुचवेन. तोडणीच पाहायची हौस असेल, तर ती नाशिकमध्ये जानेवारी ते मार्च या काळात, घरच्या अंतरावर पाहता येते.

नाशिकचा उल्लेख निघालाच आहे, तर तालमीसाठी ते सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. गंगापूर धरणाच्या बाजूची किंवा दिंडोरीकडची एखादी वायनरी गाठून एकदा रीतसर टेस्टिंग करून यावे. मात्र तेवढ्यावर थांबू नये, कारण तेथे शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां आणि शिराज या द्राक्षांवर भर असतो, तर बोर्दोची लाल वाइन कॅबर्ने आणि मर्लो यांच्या मिश्रणाची असते. म्हणून घरी एक संध्याकाळ ठेवावी: एक बाटली मेदोकची, एक सेंट एमिलियोंची, एक भारतीय कॅबर्ने, तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर फक्त क्रमांक टाकावेत. आमच्याकडे असा प्रयोग झाला तेव्हा पहिली दहा मिनिटे सगळे ‘छान आहे’ याच्या पुढे जात नव्हते. मग यजमानीणबाईंनी स्वयंपाकघरातून लवंग, दालचिनी, कोको पावडर, भिजवलेला मनुका आणि काळ्या चहाची पत्ती वाट्यांत घालून आणून ठेवली, आणि माणसे पेल्यात नाक घालून वाटीत नाक घालू लागली. तासाभरात दुसऱ्या क्रमांकाच्या पेल्यात मनुका आहे आणि पहिल्यात चहाचा तुरटपणा आहे यावर भांडणे सुरू झाली. बोर्दोला जाण्यापूर्वी एवढीच शिकवणी पुरेशी आहे. तुरटपणा जिभेवर आणि हिरड्यांवर जाणवतो, आंबटपणामुळे गालांच्या आतून पाणी सुटते, आणि नव्या ओकच्या पिंपाचा वास व्हॅनिला किंवा धुरकट लाकडासारखा येतो. या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की पुढचे शब्द आपोआप सुचतात.

त्याच संध्याकाळी थुंकण्याचाही सराव करावा. हे वाचून हसू येईल, पण आपल्याकडच्या माणसाला चारचौघांत, त्यातही महागडी वाइन, थुंकण्याचा संकोच वाटतो आणि केवळ भिडेपोटी तो गिळत जातो. शातोच्या टेबलावर पिकदाणी ठेवलेलीच असते आणि तेथील व्यावसायिक ती बिनदिक्कत वापरतात; ती वापरणाऱ्याला कोणी हलके लेखत नाही. न्हाणीघरात पाण्याचा घोट तोंडात खेळवून, ओठांचा चंबू करून, एका धारेत बेसिनमध्ये टाकण्याचा सराव दोन दिवस केला तरी शर्टावरचे डाग टळतात. मेदोकला जाताना पांढरे कपडे टाळावेत, आणि टेस्टिंगच्या दिवशी अत्तर, सेंट किंवा तीव्र वासाचे तेल कोणीही लावू नये. सात माणसांच्या खोलीत एकाचे सेंट सगळ्यांच्या वाइनवर पाणी फिरवते.

वाहनाच्या बाबतीत माझा आग्रह स्पष्ट आहे: चालकासह आठ आसनांची व्हॅन घ्यावी. फ्रान्समध्ये रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, आपल्याकडील 0.3 पेक्षा थोडी सैल, म्हणून ‘थोडी घेतली तर चालते’ असा युक्तिवाद कोणीतरी करतोच. तो ऐकू नये. जो मित्र मद्य घेत नाही, त्याला गृहीत धरून स्टिअरिंगवर बसवणेही मला योग्य वाटत नाही, कारण तोही सहलीचे पैसे भरून आलेला आहे. सेंट एमिलियोंला बोर्दोहून थेट रेल्वेने सुमारे पाऊण तासाच्या आत जाता येते, आणि स्थानकापासून द्राक्षमळ्यांतून गावापर्यंतची चाल सुखद आहे. त्या दिवशी व्हॅनचा खर्च वाचतो. मेदोकमधील शातो मात्र विखुरलेले आहेत, तेथे वाहनाला पर्याय नाही.

न पिणाऱ्या मित्राला घरच्या तालमीपासून सोबत घ्यावे. वास घेण्यासाठी गिळावे लागत नाही, आणि ताज्या नाकाचा माणूस अनेकदा इतरांपेक्षा अचूक बोलतो. काही शातो अशा पाहुण्यांना द्राक्षाचा रस देतात. बुकिंगच्या वेळीच विचारावे.

शाकाहारी मित्रांसाठी जेवणापेक्षाही एक वेगळा मुद्दा आहे, जो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. बोर्दोच्या लाल वाइनमधील गढूळपणा आणि जादा तुरटपणा काढण्यासाठी 225 लिटरच्या प्रत्येक पिंपात अंड्याचा पांढरा भाग फेटून घालण्याची जुनी पद्धत आहे. तो गढूळपणा घेऊन तळाशी बसतो आणि वरची स्वच्छ वाइन काढून घेतली जाते. तळघरात पिंपांचा मधला पट्टा वाइननेच लाल रंगवलेला दिसतो, तो सांडलेल्या थेंबांचे डाग लपवण्यासाठी. त्याच्याजवळ उभे असताना ‘तुम्ही अंडे वापरता का’ हा प्रश्न बिनधास्त विचारावा. काही शातो आता बेंटोनाइट मातीसारखे प्राणिजन्य नसलेले पदार्थ वापरतात, किंवा वाइन तशीच स्थिर होऊ देतात, आणि काहींच्या बाटलीवर व्हीगन असे लिहिलेलेही असते. कॅनले नावाची तेथील प्रसिद्ध मिठाई मात्र अंडे आणि रम यांच्याशिवाय होत नाही. दुपारच्या जेवणात बदक, गोमांस आणि आर्काशोंच्या उपसागरातील कालवे (ऑयस्टर) यांचा सुकाळ असल्यामुळे शाकाहारी जेवणाची सोय प्रत्येक ठिकाणी आधी कळवावी आणि चीज, ब्रेड, फळे सोबत बाळगावीत. रिकाम्या पोटी टेस्टिंग करणे सर्वांनाच त्रासाचे जाते.

व्हिसाचा अर्ज प्रत्येकाला स्वतंत्र करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. एकाचा व्हिसा लांबला तर सगळ्यांचे बुकिंग लटकते, म्हणून सातही जणांनी एकाच आठवड्यात अर्ज करावेत. पैशांच्या बाबतीत राहणे, वाहन आणि टेस्टिंग शुल्क यांची समान वर्गणी काढावी; बाटल्यांची खरेदी मात्र ज्याची त्याने करावी, अन्यथा परतल्यावर मैत्रीपेक्षा हिशेबच जास्त लक्षात राहतो.

बाटल्यांवरही घरूनच मर्यादा घालून जावे. भारतात परतताना प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, आणि एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी पूर्ण बाटली घेतली की सव्वादोन लिटर होतात आणि वरच्या भागावर जबर शुल्क लागते. अशा वेळी तिसरी म्हणून सोतेर्नची 375 मिलिलिटरची अर्धी बाटली घ्यावी. सिरों नावाची थंड पाण्याची छोटी नदी गारोनला मिळते तेथे शरदात सकाळी धुके साचते, त्या ओलाव्याने द्राक्षांवर एक विशिष्ट बुरशी येऊन ती आक्रसतात, आणि त्यांतून मधासारखी गोड, तरी आंबटपणाने तोल राखणारी वाइन होते. ती थोडीथोडीच प्यायची असल्यामुळे अर्ध्या बाटल्यांत सहज मिळते. सगळ्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानातच ठेवाव्यात, कारण शातोतून घेतलेली बाटली हातातील सामानातून सुरक्षा तपासणीपलीकडे नेता येत नाही.