साहित्यविषयक संज्ञा शिकायला सुरुवात करताना
पन्नास संज्ञांची यादी पाठ करायला घेऊ नका. सुरुवातीला घटनाक्रम, कथानक, निवेदक (कथा सांगणारा) आणि संघर्ष (पात्रापुढचा विरोध किंवा पेच) एवढ्या चार पुरेशा आहेत. सर्वाधिक गल्लत पहिल्या दोहोंत होते. पूर आला, पूल वाहून गेला, मुलगा घरी पोहोचला नाही, हा घटनाक्रम झाला; पण लेखकाने दारात वाट पाहणाऱ्या आईपासून आरंभ करून पूल वाहून गेल्याचे अखेरीस उघड केले, तर ती मांडणी म्हणजे कथानक होय. निवेदकालाच लेखक समजू नका. ‘मी’ म्हणणारा निवेदकही कल्पित पात्र असू शकतो, हे मलाही फार उशिरा उमगले. नवी संज्ञा भेटली की व्याख्येआधी नुकत्याच वाचलेल्या कथेतील तिचे उदाहरण वहीत उतरवा. रूपककथा आणि बोधकथा यांतील सूक्ष्म भेद तूर्तास बाजूला राहू द्या.