तीन दिवस, एक सॅक, दोन कान

प्रश्न : ताई, मी बावीस वर्षांची आहे. या उन्हाळ्यात आम्ही तिघी मैत्रिणी तीन दिवसांच्या संगीत महोत्सवाला जाणार आहोत. मुक्काम तिथेच मैदानात, तंबूत. तिघींपैकी एकीनेही आजवर तंबूत रात्र काढलेली नाही. सामानाची चार पानी यादी सोबत पाठवते आहे. सहा ड्रेस, छोटा स्टोव्ह, ब्लूटूथ स्पीकर, सगळं त्यात आहे. आई म्हणते, यातलं निम्मं काढ. काय काढू आणि काय ठेवू?

उत्तर : तुझी यादी मी दोनदा वाचली. काढायचं काय ते सांगतेच, पण त्याआधी तिच्यात जे नाही ते लिहून घे : इयरप्लग, म्हणजे आवाज अडवायला कानात घालायची बुचं. चार पानांत ते कुठेच नाहीत.

मी अठरा वर्षं अशा महोत्सवांत मिक्सरमागे, म्हणजे गाण्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रामागे, उभी राहिले. सुरुवातीची सात-आठ वर्षं कानात काहीच घातलं नाही. आवाज नीट जोखायचा तर कान मोकळे हवेत, अशी माझी समजूत होती. आता खोलीत शांतता झाली की माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू येते. कानाच्या आतल्या, केसांसारखे तंतू असलेल्या पेशी एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे ही शिट्टी जन्मभराची आहे.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालेल, असं कामाच्या ठिकाणांसाठी मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली, तीच सरासरी १०० डेसिबलची आहे. म्हणजे आयोजकांनी सगळं काटेकोर पाळलं तरी तुमचे कान तुम्हालाच सांभाळायचे आहेत. प्रत्येकीने दोन जोड घ्या. ऐकण्यासाठी संगीतकार वापरतात तसले, सगळे स्वर सारखे खाली आणणारे, म्हणजे गाणं गढूळ होत नाही. झोपण्यासाठी साधे फोमचे. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता टेकवलेला प्लग काही कामाचा नाही. घरी चार वेळा घालून बघा.

आता तंबू. ‘तीन माणसांचा’ तंबू म्हणजे खांद्याला खांदा लावून तीन माणसं, सामानाला जागा शून्य. तुम्ही चार माणसांचा घ्या. निघण्याआधी एकदा तो पूर्ण उभारा, पूर्ण उतरवा, खुंट्या मोजा. खुंटी सरळ ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं, मग दोरी कितीही ताणली तरी ती उपटत नाही. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, अंधारात माणसं हमखास अडखळतात. जागा थोडी उंचावरची निवडा. खोलगट जागा दिसायला छान सपाट असते, पण पाऊस आला की पाणी तिथेच येतं. आणि पाऊस उन्हाळ्यातही येतो : १९६९ च्या ऑगस्टमधला अमेरिकेतला वुडस्टॉक संगीत महोत्सव आजही पावसाने झालेल्या चिखलासाठी आठवला जातो. पूर्वेला झाड किंवा काही आडोसा असेल तर उत्तम. सूर्य वर आला की तंबू भराभर तापतो, आणि रात्री दोनला झोपलेल्या माणसाला सकाळची ती दोन तासांची सावली सोन्यासारखी असते. स्वच्छतागृहाच्या वाटेवर मात्र तंबू लावू नका.

खाली चटई हवीच. दिवस कितीही तापो, रात्री जमीन अंगातली ऊब ओढून घेते. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते, मग खालच्या बाजूने ती जवळजवळ कामच करत नाही.

स्टोव्ह काढ. याबाबत मी वाद घालणार नाही. तंबूत स्टोव्ह पेटवला तर कापडाला आग लागण्याची भीती असतेच, त्याहून वाईट कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. बाहेर पाऊस लागला की स्टोव्ह आत आणायचा मोह होतोच. तो घरीच राहू दे. स्पीकरही काढ, शेजारच्या तंबूतल्यांनाही झोप हवी असते.

सहा ड्रेसपैकी तीन ठेव. त्याशिवाय एक कोरडा जोड आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून फक्त झोपण्यासाठी ठेव. दिवसभर कितीही मोह झाला तरी ती पिशवी उघडायची नाही. बूट नवे घेऊ नका. महिनाभर वापरलेले, बोटं झाकणारे घ्या. सुती मोजे ओले होऊन तसेच राहतात आणि फोड आणतात, लोकरीचे किंवा सिंथेटिक चांगले. टोपी, हलका रेनकोट आणि सनस्क्रीन. ते सकाळी एकदा लावून भागत नाही, दर दोन तासांनी लावायचं.

पाण्याच्या बाटल्या काचेच्या नकोत. ओआरएसची पाकिटं प्रत्येकीने चार-पाच ठेवावीत. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. आणि एखादी उन्हात असंबद्ध बोलायला लागली, भेलकांडायला लागली, तर ‘जरा पडून राहा’ म्हणून सोडून देऊ नका. तो उष्माघात असू शकतो. एकीने वैद्यकीय मदतीला पळायचं, दुसरीने तिला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. ती शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी ५,००० च्या फोनला ती दीडेक वेळाच पुरते. गर्दीत नेटवर्कही बसतं. म्हणून भेटण्याची एक जागा आणि वेळ आधीच ठरवा. हेडटॉर्च, टॉयलेट पेपर आणि तुमची नेहमीची औषधं हे सगळं सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

प्रश्न : आम्ही पाच वर्षांच्या मुलाला घेऊन अशाच महोत्सवाला जातो आहोत. त्याच्या कानात कापूस घातला तर चालेल का?

उत्तर : नाही, कापसाने आवाज जेमतेम अडतो. त्याच्या मापाचे, पूर्ण कान झाकणारे इयरमफ घ्या आणि आठवडाभर घरी खेळताना घालायला द्या, म्हणजे तिथे तो ते काढून फेकणार नाही. स्पीकरच्या समोर थांबू नका, मैदानाच्या मागच्या कडेला बसा. दर तासाभराने त्याला आवाजापासून लांब नेऊन मफ काढा आणि कानांना विश्रांती द्या. त्याने कान दाबून धरले किंवा कानात काही वाजतंय म्हणाला, तर पुढचं गाणं कुणाचंही असो, त्याला घेऊन तिथून लगेच बाहेर पडा.