शहरातली नोकरी सोडून कुटुंबासह गावात जमीन घ्यायची आहे. सुरुवात कशापासून करावी?

पाण्यापासून. जमीन कितीही मनात भरली तरी भर उन्हाळ्यात जाऊन विहिरीची पातळी बघा. पावसाळ्यात सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात. त्याच फेरीत पाण्याची आणि मातीची तपासणी करून घ्या, आणि रस्ता व वहिवाटीचा हक्क कागदावर आहे ना, तेही पाहा.

मग उत्पन्न. पिल्लं आणली तर कोंबडी साधारण ५ महिन्यांनी अंडी द्यायला लागते, शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, आणि कलमी फळझाडं फळावर यायला बहुधा ३ ते ५ वर्षं. तोवर घरखर्च कुठून निघणार? दोघांपैकी एकाचं तरी बाहेरचं काम चालू ठेवा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

पहिल्या वर्षी जनावर घेऊ नका, भाजीपाला पुरे. दुभतं जनावर म्हणजे रोज दोन वेळा धार, आजारपण असो की लग्नकार्य.

आणि जोडीदार, मुलं मनापासून तयार आहेत का? शाळा आणि दवाखाना किती लांब? शक्य असेल तर आधी त्याच गावात वर्षभर भाड्याने राहा. तिन्ही ऋतू सगळ्यांनी मिळून अनुभवले, की जमिनीचा व्यवहार करा.